रविवारचा तांबडा भात

४ जानेवारी

भाऊजी,

धाकटा दीर म्हणून आशीर्वाद, आणि चौसष्टाव्या वर्षी भात शिकायला निघालात म्हणून वर दोन जास्तीचे.

पत्र मिळालं. जन्मभर नकाशे आखलेत, कुठली नदी कुठल्या डोंगरातून निघते ते झोपेत सांगाल, आणि वहिनीला विचारता काय, तर "तांदूळ धुवायचे असतात का?" मी ते माझ्या खानावळीत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे फरशी कारखान्यातले चाळीस जण पांढऱ्या धुळीने माखलेले असतात. ते असे हसले की निम्मी धूळ ताटात पडली. पॉलिशवाला म्हणाला, "मावशी, त्यांना कळवा, धुवा, पण साबण नका लावू."

चेष्टा पुरे. करेन अजून, पण मधे मधे.

ठकी तुमच्याशी फोनवर रडली तशी माझ्याशीही रडली. चौथा महिना, आणि पोरीच्या पोटात पाणी ठरत नाही. चार किलो वजन उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणते जे जाईल ते खा, आणि ही म्हणते आईचा तांबडा भात सोडून काही जाणार नाही. आता आई आणायची कुठून? धाकटीला जाऊन आठ महिने झाले. जाताना चाव्या कुठे, विम्याचे कागद कुठे, सगळं तुम्हाला सांगून गेली. भाताचं तेवढं राहिलं. वीस फेब्रुवारीला लेक महिनाभर तुमच्याकडे यायची, म्हणजे तुमच्या हातात सहा आठवडे. मी येऊन करून घातला असता, पण माझा गुडघा एक जिना चढत नाही आणि तुम्ही घर घेतलंत चौथ्या मजल्यावर. फोनवर सांगायची सोय नाही. छापखान्याच्या यंत्रांनी तुमचे कान नेले, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही "हो हो" म्हणता.

धाकटीचा भात धाकटीलाच ठाऊक. मी माझा सांगते, त्यावरून अंदाज घ्या. दोन वाट्या तांदूळ धुवून निथळत ठेवा. शेंगदाण्याच्या तेलात चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, मग कांदा. कांद्याला घाई केलीत तर तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. मग लसूण, भिजवून वाटलेल्या लाल मिरच्या, टोमॅटो. तेल सुटलं की बटाटा, मटार, मूठभर काजू. तांदूळ परता, दुप्पट कढत पाणी, मीठ, झाकण.

पहिल्यांदा बिघडेल. बिघडू दे. तुम्हीच खा.

वहिनी


१३ जानेवारी

ती. वहिनींस नमस्कार.

भात झाला. "भात" हा शब्द सैलपणे घ्यायची तुमची तयारी असेल, तर झाला. तळाशी पाणी, वर कच्चे तांदूळ, आणि मधे बटाटा एकटाच शिजलेला. मी तुमच्या आज्ञेप्रमाणे खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तोच खाल्ला, कारण बराच उरला होता.

उशीर झाला त्याचं कारण वेगळं आहे. सगळं सामान ओट्यावर ओळीने मांडलं आणि सवयीने मनात आलं, ही वस्तू मूळची कुठली? तीन दिवस वाचनालयात बसलो. वहिनी, तुम्हाला धक्का बसेल. मिरची, टोमॅटो, बटाटा, काजू आणि ज्याचं तेल तुम्ही घालायला सांगता तो शेंगदाणा, ही पाचही मंडळी समुद्रापलीकडच्या अमेरिकेतली. साडेपाचशे वर्षांपूर्वी समुद्राच्या या बाजूला मिरची कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. कांदा आणि लसूण मध्य आशियातल्या थंड डोंगरांकडचे. मटार पश्चिम आशियातला. लवंग तर पूर्वेच्या समुद्रातल्या चारपाच बेटांवरच व्हायची, त्या चिमूटभर बेटांपायी बोटी बुडाल्या, माणसं मेली. तांदळाचं एक पुस्तक म्हणतं चीनमधल्या नदीकाठचा, दुसरं म्हणतं दोनतीन जागी वेगवेगळा रुजला.

सोबत नकाशा जोडला आहे. मधे पातेलं, चारी दिशांनी बाण. आई पाहुण्यांना सांगायची, "हा आमच्या घराण्याचा भात." घराण्याचं त्यात बहुधा पाणी असावं.

तरी एक सांगतो. लग्नानंतर आपण सगळे एकत्र राहायचो, तेव्हा रविवारी हिची पाळी असे. त्या भाताची चव माझ्या जिभेवर अजून आहे. डोळे मिटून मी हिचा हात ओळखायचो. तुमचा भात चांगलाच असायचा वहिनी, राग मानू नका, पण तो तो नव्हे.

तुमचा,
भाऊजी


१९ जानेवारी

भाऊजी,

डोळे मिटून हात ओळखायचात म्हणे. बरं बरं. मी काही बोलत नाही. माझ्या ओठाला बारीक चटका बसलाय म्हणून बोलत नाही, दुसरं काही नाही.

तुमचा नकाशा खानावळीच्या भिंतीवर लावलाय, पाण्याच्या पिंपाच्या वर. आता हात धुवायला आलेला माणूस हात धुवून जातच नाही, बोट फिरवत उभा राहतो. कटाईवाला म्हणाला, "मिरची एवढ्या लांबून आली आणि मला मेलं घरून इथे यायला उशीर झाला की मुकादम ओरडतो." पॉलिशवाल्याने विचारलं, "मावशी, मिरची यायच्या आधी माणसं भांडायची कशी?" मी म्हटलं, कांद्यावर भागवत असतील.

लवंगेचं वाचून मात्र जीव हलला. तुमचे दादा त्या बाजूला दोनदा गेले होते. एकदा बंदरातून लवंगा आणल्या, त्या विजारीच्या खिशातच राहिल्या आणि मी विजार भिजवली. आठवडाभर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना लवंगेचा वास. सासूबाई म्हणाल्या, "बोटीवरचा फिटर आहे की वाण्याचा गाडा?" आठवतं?

भाताचं ऐका. झाकण काढून किती वेळा बघितलंत? खरं सांगा. भाताकडे आणि नव्या नवरीकडे सारखं बघू नये, दोघीही बिचकतात. पाणी मोजताना ज्या वाटीने तांदूळ घेतले तीच वाटी घ्या. तुम्ही नक्की तांदळाला एक आणि पाण्याला दुसरी घेतलीत. नकाशात प्रमाण चुकू देत नाही म्हणता ना?

ठकीला मी काल फोन केला. आवाज अगदी बारीक झालाय पोरीचा.

वहिनी


२७ जानेवारी

ती. वहिनींस नमस्कार.

वाटी वेगळी होती. मान्य. झाकण नऊ वेळा काढलं. तेही मान्य.

चौथ्या खेपेचा भात खाण्यासारखा झाला. शेजारच्या बाईंना दिला, त्यांनी डबा धुवून परत दिला आणि तक्रार केली नाही. पण वहिनी, कुठेतरी काहीतरी कमी आहे. जिभेच्या मागच्या बाजूला एक जागा आहे तिथे हिचा भात पोचायचा, हा अलीकडेच थांबतो. दालचिनी वाढवून पाहिली, लवंगा कमी केल्या, काजू तळून घातले. तुमच्या भातात नसलेलं काहीतरी ही घालत असणार.

ठकी म्हणते, बाबा, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका, मी बिस्किटं खाईन. बिस्किटंही ठरत नाहीत असं जावई म्हणाले. आणखी एक किलो उतरलं आहे. डॉक्टरीणबाई सलाईनचं बोलू लागल्या आहेत.

हिची पत्र्याची पेटी मी अजून उघडलेली नाही. धीर झाला नव्हता. उद्या उघडतो. ही कागद जपून ठेवणारी बाई होती, भाताचं एखादं चिठोरं नक्की सापडेल.

भाऊजी


३१ जानेवारी

भाऊजी,

पेटी उघडू नका. बायकांच्या पेटीत पुरुषांनी हात घालू नये, जुन्या कपड्यांना कसर लागलेली असते, तुम्हाला शिंका येतील. भाताचं त्यात काही नाही, मी सांगते ना.

लसणाचं एक सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं नव्हतं, ठेवलं होतं. वीस पाकळ्या घ्या, अख्ख्या, आणि पहिल्या तेलात मंद विस्तवावर तांबूस होईपर्यंत तळून बाजूला काढा. भात शिजत आला की त्या कुस्करून वरून ढवळा. करून बघा. जिभेची मागची जागा सापडेल.

पेटी राहू द्या.

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं. पेटी मी अठ्ठावीसलाच उघडली होती. उघडू नका असं तुम्ही का लिहिलंत, तेही आता समजलं असं वाटतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात.

पेटीच्या तळाशी कापडात बांधलेले एकतीस कागद आहेत. सगळे कच्चे खर्डे, खाडाखोड केलेले, हिच्या अक्षरातले. सगळे दादाला लिहिलेले. वर बोटीचं नाव आहे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या सहा वर्षांतले आहेत. एकात लिहिलं आहे, "तुमचा सदरा मी धुतलेला नाही, तसाच घडी करून उशीखाली ठेवला आहे."

मी पुढचं वाचलं नाही. वाचवलं नाही.

तुम्हाला हे ठाऊक होतं. हो की नाही, एवढंच कळवा. माझी बायको गेली, माझा भाऊ गेला, आता भांडायला कुणी उरलं नाही. पण चौतीस वर्षं मी कुणाबरोबर राहिलो ते मला कळलं पाहिजे.

भात करणं थांबवलं आहे. ठकीला येऊ नको असं कळवायचं मनात आहे. ती येईल आणि आईचं बोलत बसेल. मला ते सध्या ऐकवणार नाही, आणि बहिरेपणाही पुरा पडणार नाही.


८ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी चाळीस जणांचे कांदे चिरत होते. त्यामुळे रडले ते कुणाला कळलं नाही.

उत्तर: हो, मला ठाऊक होतं. आता पुढचं वाचल्याशिवाय पत्र फेकलंत तर तुम्हाला माझ्या नवऱ्याची शपथ.

ती पत्रं माझी आहेत. अक्षर धाकटीचं, पत्रं माझी.

लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला चहा येत नव्हता. मास्तरांची एकुलती एक, उशाला पुस्तक घेऊन वाढलेली. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात पाळ्या लावल्या, रविवार तिचा. रविवारी सकाळी बघते तर ही मोरीत बसून रडतेय. आणि त्याच आठवड्यात तुमच्या दादांचं बोटीवरून पत्र आलं होतं, "बाकीच्यांच्या बायका चार चार पानं लिहितात, तू एक ओळ लिहीत नाहीस." मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत. वाचता यायचं. लिहायला बसले की कोंबडी शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं. बरं, लिहायचं काय? "म्हातारीला खोकला आहे, तांदूळ संपले," याच्यापुढे माझी गाडी जाईना. मी मोरीच्या दारात उभी राहून म्हटलं, "धाकटे, नाक पूस. तुझा भात मी करते, तू माझं पत्र लिही."

सहा वर्षं चाललं ते. सासूबाई अंघोळीला गेल्या की मी आत शिरायची आणि धाकटीला दाराशी पहाऱ्याला उभी करायची, हातात पुस्तक. त्या बाहेर यायच्या आत तिच्या हातात पळी देऊन, गालाला थोडी काजळी लावून मी पसार. मग तुम्ही ताटावर बसायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "हा हिचा हात. लाखात ओळखेन." मी भिंतीपलीकडे तोंडावर हात दाबून. धाकटी खाली मान घालून लाल. तुम्हाला वाटायचं लाजली.

तुम्ही एवढं कौतुक केलंत की आज सांगते उद्या सांगते करत तिचं राहून गेलं. तुमची बदली झाली तेव्हा निघायच्या आधी दोन दिवस तिने माझ्याजवळ उभी राहून भात शिकून घेतला. पुढे जो केला तो तिचाच. तेव्हा तिने माझ्याकडून वचन घेतलं, भाताचं तुम्हाला कधी सांगायचं नाही. मीही तिच्याकडून घेतलं, पत्रांचं ह्यांना कधी कळू द्यायचं नाही. दोघींनी पाळलं. म्हणून मी तुम्हाला अर्धाच भात सांगितला. लसणासकट पुरा सांगितला असता आणि तुम्ही डोळे मिटून मला ओळखलं असतंत, तर?

तिने खर्डे जपले असतील अशी मला धाकधूक होती. चिठोरं न फेकणारी बाई ती.

आता हे कुणाला बोलले नाही ते सांगते. ह्यांना ती पत्रं फार आवडायची. इंजिनाच्या खोलीत तेलकट हातांनी वाचायचे, घडीवर घडी पडून कागद फाटायचा. सुट्टीवर आले की माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की मला वाटायचं मागे दुसरी कोण उभी आहे का, वळून बघावं. मी धाकटीला सांगायची, "खोकला, तांदूळ, बाकी ठीक." ती तासभर लिहीत बसायची आणि बंद पाकीट हातात द्यायची. मी एकही फोडून वाचलं नाही. भीती वाटायची. त्यातली बाई मला आवडली आणि मला तिच्यासारखं वागता आलं नाही, तर काय करू?

ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. बायको तोंडाने फटकळ पण पत्रात गोड, असं समजूनच गेले. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजून कळत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागद बाहेर काढा आणि बघा. सासूबाईंचा खोकला त्यात नसेल तर मी खोटी.

धाकटीवर संशय घ्यायचाच तर एवढा घ्या, की सहा वर्षं तिने तुम्हाला माझा भात आपला म्हणून वाढला. त्याबद्दल भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा, मी आहे.

ठकीला येऊ द्या. पोरीला उपाशी ठेवून तुमचा रुसवा काढू नका.

वहिनी


२५ फेब्रुवारी

ती. वहिनींस साष्टांग.

खोकला सापडला. एकतीसपैकी सव्वीस पत्रांत आईचा खोकला आहे आणि एकोणीस पत्रांत तांदूळ संपलेले आहेत. एवढे तांदूळ आपल्या घरात संपत होते याची मला कल्पना नव्हती.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हिच्या फोटोपुढे उभा राहून माफी मागितली. बहिऱ्या माणसाचा आवाज किती चढतो ते त्याला स्वतःला कळत नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत वर आले, त्यांना वाटलं चोर शिरला. त्यांना चहा दिला. चहा मला आता येतो.

तुमचीही माफी मागतो. चांदण्याबद्दल.

ठकी वीसला आली. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. संध्याकाळी मी तुमचा पुरा भात केला, वीस पाकळ्यांसकट. घास घेतला आणि डोळे मिटले. वहिनी, तुम्ही. लाखात ओळखलं, फक्त चौतीस वर्षं उशिरा आणि चुकीच्या नावाने. मला हसू आलं, आणि मग ते आवरेना.

पण ठकीने दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि म्हणाली, "छान झालाय बाबा. पण हा मोठ्या आईच्या घरचा. आईचा नाही." थोड्या वेळाने तेही उलटून पडलं. मोरीत ती ओणवी, मी पाठीवर हात ठेवून उभा. माझ्याजवळ आता विचारायला कुणी नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं ते तुम्ही सगळं दिलं होतं.

एकवीसला, बावीसला तेच. बावीसला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत बघू, नाहीतर दाखल करू.

तेवीसला दुपारी मी पुन्हा पातेलं चढवलं. कशासाठी, विचाराल तर सांगता येणार नाही. हात रिकामे ठेवायचे नव्हते. झाकण घातलं आणि खुर्ची ओढून हिचे खर्डे वाचत बसलो. आता धीर आला होता. ही एकेक ओळ चारचार वेळा खोडून लिहायची. कुठे शब्द सापडला नाही तिथे समासात छोटंसं चित्र काढलेलं, पेल्याचं, दाराचं. ही अशी होती, वहिनी. मला इतकी वर्षं दिसली नव्हती तिथूनही दिसली. बाराव्या पत्रावर होतो तेव्हा ठकी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. तिचे ओठ हलत होते, मला ऐकू आलं नाही. तिने मला ढकलून विस्तव बंद केला. धूर झाला होता. भात तळाशी चांगला करपला होता.

मी म्हटलं, टाकून देतो. तिने पळी घेतली, वरचा भात बाजूला सारला आणि तळाचा तांबूस काळा थर खरवडून उभ्याउभ्याच खाऊ लागली. एक पापुद्रा, दुसरा. मग फतकल मारून खाली बसली, पातेलं मांडीत. "बाबा, हा. हा आईचा."

मी मोठ्याने बोल म्हटलं. ती कानाशी येऊन ओरडून सांगू लागली, हसत होती की रडत होती ते बघायला मान वळवता येत नव्हती. आई पुस्तक वाचता वाचता भात करायची. रोज लागायचा. मग ती वरचा मोकळा भात, बाबा, तुमच्या डब्यात भरायची आणि म्हणायची, ठकी, ये, पुरावा नष्ट करू. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून खरवड खायचो. तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं हिचा वरचा भात खाल्ला. म्हणून मला ते सापडत नव्हतं.

पातेलं पुसून खाल्लं पोरीने. ठरलं. काल पुन्हा करपवला, आज पुन्हा. दाखल करायचं सध्या टळलं आहे. पाव किलो वाढलं आहे. करपवणं सोपं नाही, वहिनी, मुद्दाम केला की कडू होतो. वाचतच बसावं लागतं.

नकाशावर आता हे कुठून आलं म्हणून दाखवायचं, ते मला कळत नाही. बाण कुठल्याच समुद्रातून काढता येत नाही. पातेल्यातल्या पातेल्यातच काढावा लागेल.

खर्डे पाठवतो आहे, एकतीसच्या एकतीस. मी ठकीला एवढंच सांगितलं की ही मोठ्या आईची पत्रं आहेत. तुमची आहेत ती. वाचा.

तुमचा,
भाऊजी


५ मार्च

भाऊजी,

ठकीला सांगा, मोठी आई म्हणते, जावेने शेवटी बाजी मारलीच. चाळीस वर्षं मी एकदाही भात लागू दिला नाही आणि मुलीला हवा तो करपलेला! एवढं वाचून मी दोन शिव्या दिल्या, मग पेढा वाटल्यासारखी सगळ्या खानावळीत सांगत सुटले, पाव किलो वाढलं म्हणून.

पाकीट आलं तेव्हा डाळीच्या डब्यावर ठेवलं. तीन दिवस तिथेच. त्याला वळसा घालून डाळ काढायची. आज सकाळी चूल पेटवली, मोठं पातेलं चढवलं, तांदूळ टाकले, झाकण घातलं आणि म्हटलं, बाई, किती दिवस भिणार एका पाकिटाला? चष्मा लावला.

भाऊजी, मला वाटायचं ती गोड बाई धाकटीने मनाची रचली. नाही हो. एका पत्रात लिहिलंय, "तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागी पाण्याचा पेला भरून ठेवते, आणि संध्याकाळी दारातल्या झाडाला घालते." मी हे करायची. कुणाला सांगितलं नव्हतं. सदऱ्याचंही खरं. ह्यांची वहाण पालथी पडली की मी सरळ करून ठेवायची, तेसुद्धा आहे. मी म्हणायची "खोकला, तांदूळ, बाकी ठीक," आणि ती मेली दाराशी पुस्तक घेऊन उभी राहून सगळं बघत होती. बाकी ठीक म्हणजे काय, ते तिने लिहिलं. म्हणजे ह्यांना आवडायची ती मीच होते. मी उगाच मागे वळून बघत बसले.

नाक शिंकरलं, पुढचं उघडलं. अठराव्या पत्रावर होते तेव्हा कुणीतरी ओरडलं, "मावशी, धूर!"

चाळीस जणांचा भात, भाऊजी. तळाला हाताएवढा जाड थर. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरं काही करायला वेळ नव्हता, जेवणाची घंटा झाली होती. वरचा वाढला, मग पॉलिशवाल्याने पातेल्यात डोकावून बघितलं आणि उलथनं मागितलं. मग कटाईवाला आला. मग रांगच लागली. पातेलं असं चाटूनपुसून घेतलं की घासावं लागलं नाही.

जाताना पॉलिशवाला थांबला. म्हणाला, "मावशी, आजचा हात तुमचा नाही वाटत. कुणी केला भात?"

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या जावेने."

वहिनी